चार ते पाच, खामला

दुपारी चारला मी माझं विमान काढते.
बोट वरून खाली ओढायचं,
तिसऱ्या चौकोनावर टेकवायचं,
की घड्याळाच्या शेजारी
मुंगीएवढं विमान येऊन बसतं.
नाक वर. कायम उडायच्याच बेतात.

मे महिना, दुसरा मजला.
कूलरच्या ताट्या सकाळीच भिजवल्या,
तरी एक ताटी कोरडी राहतेच,
तिकडून झोत येतो भट्टीसारखा.
वरच्या खोब्रागड्यांच्या ओजसनं शिकवलं हे.
'आजी, विमानात बसल्यावर करतात.'
म्हटलं, बापा, विमानात कोण बसून राहिलं?
तो म्हणाला, बॅटरी पण वाचते.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी.
कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा.
दिवा लागला की दोरी उचल, भोकात खुपस,
भोकापलीकडे अकोला, बल्लारशा, इटारसी.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग:
माणसाची घाई तीन दरांत मिळायची.
लोकांची लग्नं माझ्या कानात जमली,
लोक माझ्या कानात वारले,
आणि मी मधेच म्हणायची,
'तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ?'

लाइन तोडणं तेव्हा गुन्हा होता.
वासनिक बाई बाळंतपणाच्या रजेवर,
मी डबल ड्यूटीत, पहाटे डुलकी लागली,
कोपर लागून भंडाऱ्याचा कॉल तुटला.
मेमो मिळाला.
अजून आहे तो, स्टीलच्या डब्यात, रेशनकार्डाखाली.

आता रोज तासभर तोडते.
कोणी मेमो देत नाही.
सोनेगावच्या बाजूनं खरं विमान उठतं,
तावदान थरथरतं, फोडणीचा डबा वाजतो.
त्यातल्या दीडशे लोकांचे फोन
या घडीला माझ्याच फोनसारखे मुके.
फुटाणे खात मी त्यांच्यात बसते.
मला कुठं उतरायचं नसतं, एवढाच फरक.

त्या मंगळवारी पाचला विमान पुसलं
आणि सामान यायला लागलं, टुणटुण टुणटुण.
गॅसवाल्याचा ओटीपी,
भाचीच्या साक्षगंधाचे चौदा फोटो,
आणि शलाकाचे नऊ मिस्ड कॉल.

'आई, कुठं होतीस तू?'
'विमानात.'
'काय?'
'अगं खामल्यातच. एक चक्कर मारून आली.'
हसली नाही.
'काय म्हणत होतीस?'
'काही नाही. असंच.'
मग दोघी गप्प. इतका वेळ
की माझ्या तोंडावर आलंच होतं,
वाढवून देऊ?
तिनं ठेवून दिला.

रात्री कुकर घासता घासता
हात थांबला.
नऊदा 'असंच' कोणी लावत नाही.
मला कळायला पाहिजे होतं. मला.
तो लाइटनिंग कॉल होता.

बुधवारी चारला विमान काढलं नाही.
शलाकाचा नंबर लावला.
स्विच ऑफ, नाहीतर नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर.
पुन्हा लावला.
ती सांगणारी बाई बोलते छान,
'क्षेत्र'मधला क्ष सुद्धा सोडत नाही,
पण दोन वाक्यांच्या मधे श्वास घेत नाही ती.
एकतीस वर्षांचा कान आहे, कळतं.
कदाचित पोरीनं पण शिकून घेतलं असेल,
चार ते पाच. कदाचित बॅटरी असेल.
कदाचित

सातव्यांदा लावला.
ती बाई सगळं सांगते, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत,
फक्त आम्ही म्हणायचो ते सांगत नाही.
म्हणून मीच म्हटलं,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून,
ड्यूटीवरच्या आवाजात,
फोन तोंडाशी धरून:
प्रयत्न चालू आहे.
धरून ठेवा.